कान नसलेला वाचक

१

देवकाबाई पहिल्या बसने येणार होत्या, म्हणून मी पोहे भिजवून ठेवले होते. पोह्यांचा लगदा झाला, चहा दोनदा उकळला, आणि बाईंचा पत्ता नाही. वाट पाहायला लावणारी माणसं मला आवडत नाहीत. कोर्टात अर्धं आयुष्य गेलं तरी ती सवय मला लागली नाही. चार खडे बोल सुनवावेत म्हणून मी फोन उचलला, तेवढ्यात जयाचाच फोन आला.

"वकीलताई, देवकाताईले गाडीनं उडवलं," ती म्हणाली. "कालव्याच्या पुलाजवळ. जागीच गेल्या."

माझं नाव रक्षा भोयर. सिंदी मेघेत राहते, वर्ध्याच्या कोर्टात वकिली करते. देवकाबाई देवळीजवळच्या सावळखेडच्या, तिथल्या दारूबंदी महिला मंडळाच्या अध्यक्ष. आमचा जिल्हा कागदोपत्री कोरडा आहे. प्रत्यक्षात तो किती ओला आहे ते संध्याकाळी कुठल्याही गावात शिरलं की नाकाला कळतं. या बाईने आयुष्यभर हातभट्ट्या फोडल्या, गावभरच्या शिव्या खाल्ल्या, एकदा डोक्यात काठीही खाल्ली. तिच्यावरच्या खोट्या केसेस मी लढवत असे. फी म्हणून ती घरची तूरडाळ आणायची, आणि डाळीत खडे निघाले की मी तिला ऐकवायची. आता ऐकवायला कोणी उरलं नव्हतं.

मी पोचले तोवर पंचनामा उरकला होता.

"पहाटेचं धुकं, मॅडम," ठाणेदार म्हणाले. "अज्ञात वाहन."

"धुक्यात ब्रेक लागत नाही का?" मी विचारलं.

रस्त्यावर टायर घासल्याची एकही खूण नव्हती. उलट चाकं डांबर सोडून कडेच्या मातीत उतरली होती, बाई चालत होती नेमकी त्याच बाजूला. त्यांच्या फोनचा चुरा झाला होता. शिपायाने तो चुरा गोळा करून पाकिटात घातला आणि सील केला. ठाणेदार माझ्याकडे न बघता जीपमध्ये जाऊन बसले.

जयाने मला बाजूला ओढलं. जया तिथली अंगणवाडी सेविका आणि मंडळाची सचिव. ती एरवी रडत नाही, आताही रडत नव्हती.

"ताई, आपली रुख्माबाई कापूस वेचायले निघालती. तिनं बांधाआडून पाह्यलं. गाडी धडक देऊन पळाली नाई. थांबली. दोघं उतरले अन् बाजूच्या कापसाच्या पऱ्हाटीत शोधून राह्यले होते. एक म्हणे, 'पोट्टी कुठं हाय बे?'"

कोणती पोट्टी, ते आम्हा दोघींनाही विचारावं लागलं नाही.

२

अंकिता बावीस वर्षांची. दिवाळीच्या सुमारास सावळखेडला विषारी दारूने तिघे दगावले, त्यातला एक तिचा नवरा. ती दारू तिच्याच सासऱ्याच्या गोठ्यात बनत होती. गोठा दुसऱ्याला वापरायला दिलेला. तो दुसरा कोण, ते तिला ठाऊक नव्हतं, कारण सासरा त्याला नुसतं 'मालक' म्हणायचा. पण ड्रम कसे येतात, बाटल्या कोण भरतं, माल कोणत्या गाडीतून जातो, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. नवऱ्याची राख सावडून झाली नाही तोच सासऱ्याने तिला गप्प राहायला बजावलं. त्याच दिवशी तिने कपड्यांची पिशवी उचलून जयाचं घर गाठलं.

मॅजिस्ट्रेटपुढे तिचा जबाब नोंदवावा म्हणून मी अर्ज केला होता. पोलिसांपुढचं बोलणं उद्या फिरवता येतं, मॅजिस्ट्रेटपुढचं तसं फिरत नाही. म्हणजे जबाबाच्या दिवसापर्यंत ही मुलगी जगली पाहिजे, एवढी एकच गोष्ट आमच्या हातात होती.

बेत असा होता की देवकाबाईंनी तिला घेऊन माझ्याकडे यायचं. आदल्या संध्याकाळी मुलगी घाबरली, तिला कापरं भरलं, म्हणून देवकाबाई एकट्याच निघाल्या. मारेकऱ्यांना मात्र दोघी येणार अशी खबर होती.

देवकाबाई गेल्या त्याच दुपारी प्रफुलने अंकिताला तळेगावला पोचवलं. प्रफुल हा जयाच्या भावाचा मुलगा. वर्ध्याला शिकतो आणि कार्यकर्त्यांना 'डिजिटल सुरक्षा' शिकवत हिंडतो. मला त्याची व्याख्यानं ऐकून जांभया येत, पण पोरगा मनापासून करतो हे खरं. फोनला कुलूप घाला, अनोळखी लिंक उघडू नका, गुपित बोलायचं तर आपल्या मेसेजच्या ग्रुपवरच बोला, हे सगळं त्यानेच मंडळाच्या बायांना घोटवून घेतलेलं. तळेगाव श्यामजी पंत म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. तिथे यशोदाबाई राहतात, मंडळाच्या सगळ्यांत जुन्या कार्यकर्त्या.

दोन-तीन दिवसांनी जया आणि प्रफुल माझ्या दारात उभे राहिले.

"मोटरसायकलवर दोघं तळेगावात आलते," जया म्हणाली. "नाव घेऊन यशोदाबाईचं घर इचारलं. आतमधी शिरले, पलंगाखाली वाकून पाह्यलं."

"आणि अंकिता?"

"यशोदाबाईले उगाच धाकधूक लागलती. तिनं आदल्या सांजेलेच तिले भावाच्या वावरातल्या घरी नेलं. नाईतर..."

"तळेगाव कोणाकोणाला माहीत होतं?"

"ग्रुपमधल्यायलेच. तुमी, मी, यशोदाबाई, रुख्माबाई." तिने पाचवं बोट मिटलं. "अन् हा."

'हा' म्हणताना तिने भाच्याकडे पाहिलं नाही. प्रफुलचा चेहरा कोणी थोबाडीत मारावी तसा झाला.

"आत्या, तुले मी वाटतो का?"



३

वकिलाला संशय घ्यायची लाज नसते. मी प्रफुलला समोर बसवलं आणि उलटतपासणी करतात तसा घेतला.

"ग्रुप कोणाला दाखवलास?"

"कोनालेच नाई. ताई, मेसेज कुलूपबंद जाते. मधात कोनी वाचू शकत नाई. कंपनी बी नाई."

"मधात नाही. टोकाला?"

"टोकाले तं आपणच हावो ना," तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर स्वतःच खाली पाहू लागला.

त्याने काय केलं नव्हतं? आम्हा पाचही जणांचे फोन त्याने उलटेपालटे करून तपासले होते. कुठे चोरटं ॲप नाही, कुठे आपलं खातं दुसऱ्या यंत्राला जोडलेलं नाही. तो खोटं बोलत असेल तर फार चांगला नट असला पाहिजे, आणि तसा तो नव्हता. तरीही मी त्याला मोकळा केला नाही.

दुसऱ्या दिवशी मी सावळखेडला गेले. आधी रुख्माबाईंकडे. बाई साठीच्या, अक्षरओळख जेमतेम. फोन त्या तोंडाशी धरून बोलतात, लिहीत नाहीत. मंडळातल्या बहुतेक जणींचं तसंच. देवकाबाई तर लांबलचक निरोप बोलून पाठवायच्या, मध्येच कोंबडीला हाकलायच्या, तेही त्यात यायचं. ग्रुपवर टाइप करते ती एकटी जया.

रुख्माबाईंनी मला ग्रुप उघडून दाखवला. रोज सकाळी त्यांनी देवकाबाईंना रामराम घातलेला होता.

"त्या अजून ग्रुपमध्ये?" मी विचारलं.

"तेरवी होयेपर्यंत कसं काढाव, बाप्पा? अजून घरातच हाय ते," रुख्माबाई म्हणाल्या. "काल जयानं इचारलं होतं. मीच म्हणलं, तेराव्याचं गोड जेवण झालं की मंग काढजो."

मी मान डोलावली. गेलेल्या माणसाचा पेला पण आपण लगेच उचलत नाही.

देवकाबाईंच्या घरी ओसरीवर सतरंजी घातली होती. पुंडलिकराव, त्यांचे यजमान, भिंतीला टेकून बसले होते. पूर्वी एस.टी.त वाहक होते. मितभाषी माणूस. बायको गावोगाव फिरायची आणि हे घर सांभाळायचे, त्यावरून गावाने त्यांना काही कमी टोमणे मारले नाहीत, पण त्यांनी कधी तिला अडवलं नाही. मी शेजारी बसले. ते सतरंजीचा सुटलेला दोरा ओढत होते.

"बाई," शेवटी ते म्हणाले, "त्या पोरीचा ताप उतरला का?"

"उतरला," मी म्हटलं.

आल्या-गेल्याचं सगळं त्यांचे धाकटे भाऊ रूपराव पाहत होते. देवळीत त्यांचं कृषी केंद्र आहे. बोलायला गोड, वागायला नम्र. चहा आला, पाणी आलं, माझ्या गुडघ्यांची चौकशीही झाली.

"वकीलताई, वयनीले न्याय भेटला पायजे," ते म्हणाले. "तुमाले जे कागद पायजे ते सांगा. तिचे सगळे निवेदनं मीच छापून देत होतो. घरचंच दुकान हाय."

पंचनाम्याची प्रत माझ्या फोनवर होती, ती छापून हवी होती. रूपराव मला त्यांच्याच गाडीतून देवळीला घेऊन गेले. दुकानात खताच्या पोत्यांचा आणि फवारणीच्या औषधाचा वास नाकात जात होता. गल्ल्यावर बिलांचा संगणक. त्याच्या पडद्यावर बोंडअळीच्या औषधाची जाहिरात चालू होती, माणूस तोंड हलवत होता आणि ऐकू काहीच येत नव्हतं.

"आवाज बिघडलाय का?" मी सहज विचारलं.

"याले आवाजच नाई जी. बिलं फाडाले आवाज कायले पायजे?" ते हसले आणि हात पुढे केला. "द्या फोन, मॅडम. स्कॅन करून दोन मिंटात काढतो."

मी फोन दिला नाही. ही माझी जुनी खोड आहे, फोन मी सख्ख्या बहिणीच्याही हातात देत नाही; प्रफुलला तपासायला दिला तोही माझ्या नजरेसमोरच. मी कागद ई-मेलने पाठवला. रूपरावांनी राग मानला नाही. प्रत छापून, घडी घालून, पाकिटात घालून दिली.

घरी परतले तेव्हा जया दारातच उभी होती, प्रफुल तिच्यामागे पायरीवर. जयाच्या हातात फोन होता.

"यशोदाबाईचा फोन आलता. ते दोघं पुन्हा तळेगावात फिरून राह्यले. घरोघर इचारून राह्यले."

४

मी जया आणि प्रफुलला आत घेतलं आणि पंखा लावला. प्रफुल कोपऱ्यात अवघडून बसला.

"आता कोणी कोणावर रुसायचं नाही," मी म्हटलं. "कोण सांगतंय ते बाजूला ठेवा. त्या लोकांना काय काय कळलं, आणि काय कळलं नाही, तेवढं सांगा. जया, तू सुरुवात कर."

"देवकाताई अंकिताले घेऊन पहिल्या बसनं जाणार, हे कळलं."

"ते ग्रुपवर कसं आलं होतं?"

"मीच टाइप केलं होतं." तिने फोन उलटा करून टेबलावर ठेवला. "मंग रातच्याले देवकाताईनं सांगतलं, पोट्टी घाबरून गेली, मी एकटीच जातो. ते त्यायले कळलं नाई."

"देवकाबाईंनी लिहिलं की बोलून पाठवलं?"

"बोलून. त्या कुठं लिहीत होत्या?"

"पुढे. तळेगाव?"

प्रफुलने फोन उघडला आणि वाचून दाखवलं. जयाचाच मेसेज होता: अंकिताला ताप आहे, तळेगावला यशोदाबाईंकडेच आहे, दवाखान्यात नेलं नाही.

"हे त्यांना कळलं. आणि भावाच्या वावरातलं घर?"

"ते यशोदाबाईनं बोलून..." प्रफुल मध्येच थांबला. त्याने वर पाहिलं. "ताई, लिहिलेलं सगळं कळते. बोललेलं काहीच कळत नाई."

"म्हणजे आपल्यातला कोणी फितूर नाही," मी म्हटलं. "फितुराला दोन्ही कळलं असतं. हा जो कोणी आहे तो आपला ग्रुप वाचतो, पण ऐकत नाही. ज्या मुलीच्या जिवावर उठलाय तिचा ठावठिकाणा समोर पडलाय आणि तो ऐकत नाही. का? कारण त्याला ऐकूच येत नाही. आता असा फोन सांग ज्याला आवाज नसतो."

"असा फोनच नसते," प्रफुल पुटपुटला. "संगणक राहू शकते. जोडलेला. पण मी पाचही फोन पाह्यले, ताई. कोनाच्याच खात्याले काही जोडलं नव्हतं."

"ग्रुपमध्ये पाचच जण आहेत का?"

 जयाच्या तोंडून अस्पष्ट 'आई गं' निघालं.

"देवकाताई," ती म्हणाली.

"पण फोन तं चुरा झाला," प्रफुल म्हणाला, आणि लगेच स्वतःच स्वतःला उत्तर दिलं. "फोन मेला तरी जोडलेला संगणक चालू राह्यते. जवळपास दोन हप्ते. मी हे शिकवतो, आत्या! मी हे लोकायले शिकवतो! अन् देवकाताईच्या फोनचं माह्या डोस्क्यातच आलं नाई."

कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मेलेल्या माणसाचं दार उघडं असेल असं कोणाच्या मनात येईल? तेरवीपर्यंत नाव काढायचं नाही म्हणून बायांनी देवकाबाईंना ग्रुपमध्ये ठेवलं, आणि त्यांच्या नावाआड बसून कोणीतरी सगळं वाचत राहिलं. मला त्या क्षणी रागही आला नाही. मी उठून पंखा बंद केला.

संगणक कोणाचा, हे सांगायला मला फार वेळ लागला नाही. फोनमधला कागद छापायचा तर दुकानदार काय करतो? फोन मागून घेतो, पडद्यावरचा चौकोन त्याने स्कॅन करतो, खातं संगणकाला जोडलं जातं, कागद छापून होतो. काम झालं की ते तोडायचं असतं. कोणी तोडतं, कोणी विसरतं, आणि कोणी मुद्दाम तसंच ठेवतं. देवकाबाई आपली सगळी निवेदनं घरच्याच दुकानात छापायच्या. त्या दुकानातल्या संगणकाला आवाज नव्हता, आणि मी स्वतः तिथे उभी राहून तो प्रश्न विचारला होता.

"रूपरावभाऊ?" जया उठून उभी राहिली. "सख्खा दीर?"

"अजून एक," मी म्हटलं. "पुंडलिकरावांनी मला विचारलं, पोरीचा ताप उतरला का. ते ग्रुपमध्ये नाहीत. ताप तू फक्त ग्रुपवर लिहिलास. त्यांना कोणी सांगितलं?"

याचं उत्तर आमच्यापैकी कोणालाही नको होतं.

५

प्रफुलला देवकाबाईंना ताबडतोब ग्रुपमधून काढायचं होतं. मी त्याचा हात धरला. दार लावून घेतलं तर चोर घरी जातो, आणि उद्या दुसऱ्या दाराने येतो. अंकिताच्या जबाबाची तारीख दोन दिवसांवर होती.

वर्ध्याच्या उपअधीक्षक बाईंना मी कधी फारशी भीक घातलेली नाही, त्यांनीही मला नाही. पण त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एकही फाटा फोडला नाही, आणि कामाला लागल्या.

खरा बेत आम्ही समोरासमोर बसून ठरवला, फोनवर एक अक्षरही नाही. खोटा बेत जयाने ग्रुपवर टाइप केला. तळेगावच्या रस्त्यावर नजर आहे, म्हणून अंकिताला उद्या सकाळी आडवाटेने देवळीच्या स्टँडवर आणतो, तिथून वर्ध्याची बस. टाइप करताना ती हुंदके देत होती.

"देवकाताईच्या नावासमोर मी खोटं लिहून राह्यली," ती म्हणाली.

"तिने तुला शाबासकी दिली असती," मी म्हटलं. ते खरं होतं.

सकाळी देवळीच्या स्टँडवर नेहमीची गर्दी होती. अंकिताच्या अंगाबांध्याची एक महिला शिपाई तोंडाला ओढणी गुंडाळून बाकावर बसली होती, शेजारी जया. नंबरप्लेट नसलेली पांढरी गाडी आली. दोघं उतरले, सरळ बाकाकडे निघाले. एकाच्या शर्टाआड कोयता होता. रुख्माबाई भज्यांच्या गाडीमागे उभ्या होत्या. "हेच ते," त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या की साध्या वेशातले पोलीस पुढे व्हायच्या आधीच मंडळाच्या बायांनी दोघांना घेरलं. गाडी चालवणाऱ्याने दोन थपडांतच मालकाचं नाव सांगितलं.

त्याच वेळी वर्ध्याच्या कोर्टात अंकिता मॅजिस्ट्रेटपुढे बोलत होती. सलग, न रडता, सगळं.

मी उपअधीक्षक बाईंबरोबर कृषी केंद्रात गेले. रूपराव गल्ल्यावर होते. शेजारी पोत्यांवर पुंडलिकराव बसले होते. पडद्यावर आमचा ग्रुप उघडा होता आणि वर देवकाबाईंचा फोटो होता, डोक्यावर पदर घेतलेला.

"वयनीनंच लावून ठेवलं होतं ते," रूपराव म्हणाले. आवाजातला गोडवा तसाच होता. "मी कायले वाचू?"

"बोललेलं तर ऐकलं नाहीच," मी म्हटलं. "एक साधा स्पीकर आणला असता, तर आज आम्ही रडत बसलो असतो."

"बायायचं रडगाणं कोन ऐकते?" ते एकदम खेकसले, आणि तेवढ्याने सगळं बोलून गेले.

मागच्या गोदामात ड्रम सापडले. विषारी दारूविरुद्धचं निवेदन देवकाबाईंनी याच गल्ल्यावर, त्या दारूच्या मालकाकडून, हसतखेळत छापून घेतलं होतं. रूपरावांना जीपमध्ये बसवलं. पुंडलिकराव जागचे हलले नव्हते.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी त्यांना म्हटलं. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, पण आवाज चढला नाही.

"तो माल बनवते हे नाई ठाऊक होतं, बाई. तिची शपथ." त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "हे ठाऊक होतं. मागच्या उन्हाळ्यात रूपराव म्हणे, दादा, पाय, वयनी कुठं जाते, कोनाशी बोलते, सारं दिसते. मी रोज येऊन बसू लागलो. एवढे वर्ष ती घरी येतवर माहा जीव टांगून राहे. आता बसल्या जागी समजे. बरं वाटे मले."

"तिला सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं तं तिनं बंद केलं असतं."

"आणि ती गेल्यावर?"

"तो बंद करून राह्यला होता. मीच म्हणलं, राहू दे. तिचं नाव वर दिसते." त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. "बाई, त्या पोरीचा पत्ता त्यायले माह्यामुळंच भेटत राह्यला का हो?"

मी हो म्हटलं. खोटं बोलून त्यांना धीर देणं माझ्याने झालं नाही. भावाविरुद्ध जबाब द्याल का, असं उपअधीक्षक बाईंनी विचारलं. ते उठले, धोतर झटकलं आणि स्वतःहून जीपकडे चालू लागले.

६

संध्याकाळी अंकिता माझ्या घरी होती. जया, प्रफुल, उपअधीक्षक बाई, सगळेच जमले होते आणि सगळेच एकदम बोलत होते. सुनावणीपर्यंत मुलगी कुठे राहणार? सासरा अजून अटकेबाहेर होता. रूपरावांची माणसं किती आणि कुठे, ते कोणालाच माहीत नव्हतं.

"माह्या घरी राह्य," जया म्हणाली.

"मी नवा फोन देतो," प्रफुल म्हणाला. "सगळं बंद करून. दर घंट्याले नुसतं एक मेसेज टाकजो, बस."

"बंदोबस्त देऊ," उपअधीक्षक बाई म्हणाल्या. "फक्त पत्ता आमच्याकडे नोंदवावा लागेल."

मीही गप्प बसले नाही. माझी एक मैत्रीण आहे, तिच्याकडे सोय होईल, मी रोज फोन करीन, असं काहीबाही मी बोलत राहिले.

अंकिता सगळ्यांचं ऐकून घेत होती. मग तिने ओढणीच्या टोकाला बांधलेला जुना फोन सोडवला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"तुमचे लय उपकार हाय," ती म्हणाली. "पण मी कोनालेच सांगत नाई."

"अगं, आम्हाला तरी," मी म्हटलं. "काळजी वाटते म्हणून विचारतो."

"काळजी वाटते म्हणूनच तं इचारू नोका म्हणतो, वकीलताई. पुंडलिककाकायले बी काळजीच होती."

 मला राग आला, मग वाईट वाटलं, आणि मग मी आत जाऊन तिच्यासाठी दशम्या बांधल्या. सुनावणीची तारीख मी तिला तोंडी सांगितली आणि तिने ती दोनदा म्हणून पाठ केली.

"त्या दिवशी मी येतो," ती म्हणाली. "माह्या पायानं येतो."

ती पिशवी उचलून पायऱ्या उतरली. जया तिच्यामागे चार पावलं गेली, तर तिने हात करून तिला थांबवलं. सिंदी मेघेच्या रस्त्यावर बाजाराची वर्दळ होती, आणि कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत ती मला दिसेनाशी झाली.

त्याला आता बरेच महिने झाले. तारीख दोनदा पुढे ढकलली गेली. ते तिला कळवायला मला काही मार्ग नाही, म्हणून ठरलेल्या प्रत्येक दिवशी मी कोर्टाच्या फाटकाशी जाऊन उभी राहते. पहिल्या तारखेलाही ती आली नव्हती, आणि अजून आलेली नाही. जया मला अजूनही विचारते, "तुमाले तं सांगतलंच असंल ना?" मी नाही म्हणते, आणि तिचा विश्वास बसत नाही. पुढची तारीख येत्या सोमवारची आहे.